भावोजींची उत्तर

आमच्या भावोजींना विमानतळावर सगळे ध्रुवबाळ म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कुणात नाही. पण पाठ वळली की म्हणतात. आणि हे नाव पाडलं कुणी, तर मी. सख्खी वहिनी आहे मी त्यांची. दिराला वहिनीनं नावं ठेवायची नाहीत तर कुणी ठेवायची?

भावोजी विमानांची होकायंत्रं तपासतात. लग्न ठरत होतं तेव्हा कुणीतरी माझ्या धाकट्या जावेला सांगितलं, मुलगा कंपासचं काम करतो. तिला वाटलं, शाळेच्या पोरांच्या कंपासपेट्या विकतो. तरी बिचारी हो म्हणाली. साखरपुडा झाल्यावर खरं कळलं तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, "ताई, म्हणजे हे दिवसभर उत्तर दिशा शोधतात? ती हरवलीय का?"

हसू नका, प्रश्न वेडा नव्हता. विमान म्हणजे लोखंड, तारा आणि मोटारी यांचा गोतावळा. त्यात होकायंत्र बसवलं की सुई बावचळते. म्हणून मोकळ्या मैदानात एक रिंगण आखलेलं असतं, तिथं विमान न्यायचं आणि एकेका दिशेला तोंड करून उभं करायचं. आत बसलेला माणूस विमानाचं होकायंत्र वाचतो. बाहेर, शेपटीच्या मागे लांबवर, दुसरा माणूस तिवईवरच्या होकायंत्राशी उभा असतो. ते बाहेरचं होकायंत्र म्हणजे प्रमाण. ते म्हणेल तेच खरं, आणि आतलं त्याहून वेगळं बोललं तर चूक आतल्याची. मग स्क्रू फिरवून जेवढी निघेल तेवढी चूक काढायची, उरलेली एका कार्डावर लिहून वैमानिकाच्या नाकासमोर लावायची.

बाहेर उभे राहणार भावोजी आणि आत बसणार मी. उपकरणांच्या वर्कशॉपमध्ये माझी नोकरी, त्यांच्याही आधीपासून. बाहेर उभं राहायची परीक्षा मीही पास झालेय, पण पाळी कधी आली नाही. कारण हा माणूस रजाच घेत नाही! नुसतं सर्दीनं डोकं जड झालं तर लोक घरी बसतात, हे तापानं फणफणलेले असतानाही तिवईशी हजर.

आणि तोरा किती! घरातसुद्धा तोच. दुकान किती लांब आहे म्हटलं तर म्हणणार, अर्धा सागरी मैल. धाकटी म्हणते, "इथं सागर कुठाय हो, मधे एक गटार आहे फक्त." जेवायला किती वाजता येणार विचारलं तर उलट प्रश्न, "कुठल्या वेळेनं?" कारण यांच्या मनगटावर जगभरच्या विमानांची एकच वेळ, आणि भिंतीवर आमची साधी. एकदा माझ्या नवऱ्यानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावानं, सहज विचारलं की अंगणातल्या नळाची तोटी उत्तरेला येते ना रे? झालं. उत्तर तीन असतात म्हणे. नकाशावरची एक, चुंबकाची दुसरी, आणि विमानातली सुई दाखवते ती तिसरी. त्यातली कुठली? नवरा उठून आत गेला. मी म्हटलं, "भावोजी, एका प्रश्नाला तीन उत्तरं देणाऱ्या माणसाला शाळेत शून्य मिळतं." त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर या ध्रुवबाळांची कंबर धरली. बागेतली कुंडी उचलायला गेले आणि अशी उसण भरली की उत्तरांचा हा माणूस घरात प्रश्नचिन्हासारखा फिरायला लागला. वेळही कशी बघा. बाहेर उभं राहायचा त्यांचा परवाना संपत आला होता, आणि तो पुढं चालू ठेवायला मुख्य कार्यालयातून तपासनीस येणार होत्या. त्यांच्यासमोर एक अख्खं विमान सगळ्या दिशांना फिरवून दाखवायचं. जमलं तर परवाना, नाही तर टेबलावर बसून कागद खरडा. भावोजींना टेबलाचं नाव काढलं तरी घाम फुटतो. मला दम भरला होता, "वहिनी, कंबरेचं ऑफिसात कळलं तर बघा. रिंगण गेलं की मी संपलो." हे मात्र थट्टेनं म्हणाले नाहीत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, म्हणून मी गप्प बसले.

धाकटीनं औषधाच्या दुकानातून कंबरेचा पट्टा आणला. जाडजूड, आत ओळीनं चुंबकं शिवलेली. रक्त खेळतं राहतं म्हणे त्यानं. भावोजींनी खोक्यावरचं चित्र पाहिलं मात्र, घर डोक्यावर घेतलं. "चुंबक? माझ्या घरात चुंबक? अगं, मी जन्मभर ज्याच्याशी भांडतोय ते तू माझ्या पोटाला बांधणार?" पट्टा कपाटात गेला, धाकटी माजघरात जाऊन रडली. मी तिला म्हटलं, जाऊ दे, देव अक्कल वाटत होता तेव्हा हा माणूस तिवई शोधत असणार.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी मैदानावर पोचले तर भावोजी ताठ! खांबासारखे सरळ, शीळ घालत होते. मी विचारलं, "काय हो, जादू झाली?" म्हणाले, "इच्छाशक्ती, वहिनी." मला खरंच कौतुक वाटलं. आता आठवलं की माझाच राग येतो.

तपासनीस बाई ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी येऊन उभ्या राहिल्या. उंच, सावळ्या, बोलणं मोजकं. केस मानेवर घट्ट बांधलेले, त्यात आकडे खोचलेले. भावोजींनी नमस्कार केला आणि दुसरं वाक्य काय बोलले असतील? "बाई, आकडे काढा."

"काय?"

"केसांतले आकडे. लोखंडी आहेत. रिंगणाच्या दोरीआत लोखंड चालत नाही. आणि तो पट्टाही. बक्कल आहे त्याला."

मी मनात म्हटलं, गेली परीक्षा. पण बाईंनी निमूटपणे एकेक आकडा काढून लाकडी पेटीत टाकला, कंबरेचा पट्टाही टाकला. वारा बराच सुटला होता. सगळे केस मोकळे होऊन तोंडावर यायला लागले आणि बाई एका हातानं केस, दुसऱ्या हातानं कागद धरून उभ्या राहिल्या. मग भावोजींनी मला खिसे रिकामे करायला लावले, विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला पन्नास पावलं मागं घालवला. ट्रॅक्टरवाल्याला आम्ही गोगलगाय म्हणतो, तो ट्रॅक्टर तसाच चालवतो. तो जाताना पुटपुटला, "आता दातातली चांदी काढायला सांगतील."

विमान छोटंच, आजारी माणसं नेण्या-आणण्याचं. त्यात नवं होकायंत्र गेल्याच आठवड्यात मी माझ्या हातानं बसवलं होतं. गोगलगायीनं विमान उत्तरेला तोंड करून लावलं आणि ट्रॅक्टर घेऊन लांब गेला. मी आतून वाचलं, "तीनशे साठ." बाहेरून भावोजी, "तीनशे साठ!" वा. बाईंनी मान हलवली.

मग पूर्व. मी वाचलं, "नव्वद."

बाहेर भावोजी पुन्हा वाकले. मग आवाज आला, "एकशे दोन."

मला वाटलं, ऐकायला चुकलं. "किती?"

"एकशे दोन! नीट वाचा, वहिनी!"

नीट वाचा? मला? मी पुन्हा वाचलं. नव्वद म्हणजे नव्वद. खिडकीतून खाली पाहिलं तर विमान रिंगणाच्या पूर्वेच्या रेघेवर बरोबर उभं. मी ओरडून सांगितलं, "रेघ बघा की!"

"रेघ माणसानं रंगवलेली असते," भावोजी बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणि चुंबकाची उत्तर दरवर्षी सरकते. रेघा जुन्या आहेत."

"दरवर्षी सरकते हो, पण एका रात्रीत बारा अंश सरकली का?"

भावोजींनी गोगलगायीला हात केला. दक्षिणेला विमान फिरवलं, तिथं पुन्हा सगळं जमलं. पश्चिमेला मी म्हटलं दोनशे सत्तर, ते म्हणाले दोनशे अठ्ठावन्न. आता मात्र भावोजी चिडले. तिवई सोडून चार पावलं पुढं आले आणि ओरडले, "वहिनी, केसात पिन आहे का? बुटात खिळा आहे का? आत काहीतरी लोखंड आहे!"

मी बूट काढून खिडकीतून बाहेर फेकले. एक त्यांच्या पायाशी पडला. पुन्हा वाचलं तरी दोनशे सत्तरच. तेव्हा भावोजी बाईंकडे वळून म्हणाले, "बसवण्यातच चूक आहे. हे होकायंत्र काढून टाकावं लागेल. विमान आज जाणार नाही." बाईंनी एका हातानं केस मागं सारले आणि मला विचारलं, "हे कुणी बसवलं?"

"मी," मी म्हटलं. बाई लिहायला लागल्या.

माझा संताप संताप झाला. इतकी वर्षं इथं काम केलं, माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आणि ते ठेवलं कुणी, तर घरच्या माणसानं, बाहेरच्या बाईसमोर! मी अनवाणीच खाली उतरले आणि तरातरा तिवईकडे गेले. "सरका," मी म्हटलं, "मला बघू दे तुमची ती सोन्याची सुई."

भावोजी दोन पावलं मागं सरकले. मी वाकून पाहिलं. सुई हळूच फिरली आणि थांबली. विमान दोनशे सत्तरलाच, फार तर एकदोन अंश इकडेतिकडे.

"बघा!" मी म्हटलं.

"काय बघा?" ते पुढं आले, वाकले. सुई पुन्हा फिरली. त्यांच्या दिशेनं. दोनशे अठ्ठावन्न.

मी म्हटलं, "मागं व्हा." ते मागं गेले, सुई परत गेली. "पुढं या." ते आले, सुई त्यांच्याकडे आली. आधी माझ्या काही लक्षात येईना. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. रंग उडाला होता चेहऱ्याचा. त्यांचा हात हळूच आपल्या पोटाकडे गेला, आणि मला आमचं कपाट आठवलं.

अरे देवा! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. बाईंचे आकडे काढले, माझे बूट फेकायला लावले, गोगलगायीला हद्दपार केला, आणि मैदानातली उत्तर दिशा स्वतःच्या कंबरेला गुंडाळून हे उभे! मला इतकं हसू आलं की तिवईला धरावं लागलं. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हसू जिथल्या तिथं थांबलं.

"सकाळी उठताच येत नव्हतं," ते कुजबुजले. "म्हटलं, फक्त इथपर्यंत येण्यापुरता बांधू. दोरीआत यायच्या आधी सोडणार होतो. बाई लवकर आल्या. आणि वहिनी, खरं सांगू का, दुखायचं इतकं थांबलं होतं की पट्टा आहे हेच विसरलो."

"म्हणजे इच्छाशक्ती चुंबकाची निघाली."

"वहिनी, थट्टा नको आत्ता."

थट्टा नको तर नको. बाई तीस पावलांवर पाठमोऱ्या उभ्या राहून वाऱ्याशी झगडत लिहीत होत्या. मी घाईनं म्हटलं, "ऐका. त्या शेडमागे जा, पट्टा सोडून या. मी सांगते, माझ्या केसात पिन राहिली होती, आत्ता सापडली. तुम्ही परत सगळं फिरवा. विषय संपला."

"एका पिनेनं बारा अंश? बाई काय दुधखुळ्या आहेत?"

"मग दोन पिना म्हणते. चार म्हणते. तुमचं काय जातंय?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली, माझ्या अनवाणी पायांकडे. मी म्हटलं, "मला बोलणी बसतील, तेवढंच ना? माझं काही परवान्यावर अडलेलं नाही. तुमचं रिंगण जाईल, भावोजी. जा लवकर."

ते वळले. शेडकडे चालायला लागले. मला हायसं वाटलं. आणि मधेच, काय झालं कोण जाणे, वळून सरळ बाईंपुढं जाऊन उभे राहिले.

"बाई, लिहिलेलं खोडा," ते म्हणाले.  "होकायंत्र चांगलं आहे. वहिनींनी उत्तम बसवलंय. यांनी कधी या दोरीआत टाचणीसुद्धा आणलेली नाही. चुंबक माझ्या अंगावर आहे." आणि सदरा वर करून त्यांनी तो पट्टा काढला आणि पुढं धरला. पट्ट्याची दोन टोकं टचकन एकमेकांना चिकटली.

बाईंनी ती सोडवली. पट्टा उलटासुलटा करून पाहिला. "कशासाठी?"

"कंबर."

"केव्हापासून?"

"बरेच दिवस. ऑफिसात सांगितलं नाही."

बाईंनी तोंडावरचे केस मागं सारले. मग म्हणाल्या, "माझे आकडे मात्र काढायला लावलेत." मी ओठ दाबून धरले. भावोजींनी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "पट्टा दोरीबाहेर ठेवा आणि पहिल्यापासून करा."

म्हणजे आशा होती अजून! मी धावत विमानात जाऊन बसले. उत्तरेला तीनशे साठ, दोघांचंही. पूर्वेला मी नव्वद म्हटलं, बाहेरून आवाज आला, "नव्वद." मला टाळी वाजवावीशी वाटली. पण आवाज कसातरीच होता. दक्षिणेला गोगलगाय विमान फिरवून गेला, मी वाचलं, आणि बाहेरून काहीच येईना. वळून पाहिलं तर भावोजी तिवईवर वाकलेले होते आणि वाकलेलेच राहिले होते. एक हात गुडघ्यावर. मग हळूहळू जमिनीवर बसले.

मी पोचले तेव्हा बाई त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. "मी उभं राहायचा परवाना द्यायला आलेय," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आणि तुम्हाला उभं राहता येत नाहीये. मी काय लिहू, सांगा?"

"जे आहे ते लिहा," भावोजी म्हणाले.

"डॉक्टरांना दाखवा. बरे झालात की कळवा, मी पुन्हा येईन. काम तुम्हाला येतं, ते मी पाहिलं. पण आजचा परवाना नाही देता येणार." मग त्यांनी विमानाकडे पाहिलं. "याला संध्याकाळी पेशंट आणायला जायचंय असं ऐकलं. दुसरं कुणी आहे का बाहेर उभं राहणारं? नजर ठेवायला मी शेजारी असेन."

 खरं सांगते, इतकी वर्षं मला बाहेर उभं राहायचं होतं. मनातल्या मनात कितीदा मी ती तिवई लावली होती. पण अशी नको होती मला ती. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हातातून काढून घेतल्यासारखी.

"वहिनी आहेत," भावोजी म्हणाले.

"भावोजी, मी—"

"परीक्षा पास आहेत. माझ्या आधी." एवढं बोलून ते जरा थांबले. वेदनेनं असेल किंवा आणखी कशानं. "आणि बाई, मी आत बसेन. वाचायला कंबर लागत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलेल्या उत्तरेवर माझा विश्वास नाही बसणार. यांच्यावर बसेल."

विमानात चढताना त्यांना गोगलगायीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. पायरीवर थांबून म्हणाले, "तिवईचा डावा पाय जरा खचतो, खाली फळी घाला." मी म्हटलं, "माहीत आहे हो." मग म्हणाले, "फार वाकू नका, सावली पडते." मी म्हटलं, "भावोजी, आत बसा."

मी तिवईशी जाऊन उभी राहिले. पायात बूट नव्हतेच. बाई माझ्या शेजारी, केस उडत होते. विमान पश्चिमेला लावलं होतं. आतून आवाज आला, "दोनशे सत्तर!"

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं.  "दोनशे बहात्तर," मी म्हटलं.

 मला माहीत होतं आता काय होणार. नीट बघा म्हणणार, फळी घातली का विचारणार, सावलीचं काढणार. गोगलगायसुद्धा लांबून कान देऊन उभा. बाईंनी पेन उचलून धरलं होतं.

"लिहा, बाई," भावोजी आतून ओरडले. "दोन अंशांची चूक माझ्याकडे. बाहेर वहिनी आहेत."

बाईंनी लिहिलं. गोगलगाय विमान पुढच्या दिशेला फिरवून गेला, भावोजींनी आकडा सांगितला, आणि माझा आकडा काही येईना. बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, सुई हलतेय, थांबा जरा.

बाईंनी वाकून पाहिलं. "सुई केव्हाची थांबलीय," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसायला स्वतःचा रुमाल माझ्या हातात दिला.